झिरो बघितला, बाकीचं कोण दाखवणार?

"झिरो बघा, साहेब." महाराष्ट्रातल्या कुठल्याही पंपावर गाडी लावली की पहिलं वाक्य हेच कानावर पडतं. नोझल टाकीत जाण्याआधी पोरगा यंत्राकडे बोट करतो, आपण मान डोलावतो आणि आकडे पळायला लागतात. यंत्रावर तीनच गोष्टी दिसतात : किती रुपये, किती लिटर आणि लिटरचा दर. तो दरही पैशापर्यंत मांडलेला. किराण्याच्या दुकानात किंवा मंडईत इतका उघडा हिशेब कधी मिळत नाही. तरीही पंपावरून बाहेर पडणारा माणूस कुरकुरतच बाहेर पडतो. त्याची कुरकुर खरी आहे, असं या लेखासाठी ठिकठिकाणच्या पंपांवर थांबल्यावर माझं ठाम मत झालं.

कारण त्या तीन आकड्यांखेरीज एक चौथा आकडा असतो. पैसे कसे दिले, यावर तो ठरतो. तो यंत्रावर नसतो, दरफलकावर नसतो, हातात मिळणाऱ्या स्लिपवरही नसतो. आणि त्याचा चटका सगळ्यात जास्त बसतो तो सगळ्यात कमी पेट्रोल भरणाऱ्याला.

हडपसरच्या पुढे, सोलापूर रस्त्यावरचा एक पंप. संध्याकाळचे सात वाजलेले, दुचाक्यांची रांग रस्त्याला लागलेली. पाठीवर जेवणाची पार्सलं नेणारी चौकोनी बॅग अडकवलेला एक मुलगा स्कूटर पुढे घेतो. "दोनशेचं टाक." पेट्रोल टाकून होतं. मुलगा फोन काढून स्कॅन करतो. स्क्रीनवरचं चक्र फिरत राहतं. मागून हॉर्न सुरू होतात. तो पाकिटातून क्रेडिट कार्ड काढतो.

"कार्डचं मशीन आत केबिनमध्ये आहे. त्याला पण रेंज नाय," नोझलवाला म्हणतो. "कॅश नाही का?"

"पाचशेची नोट आहे."

"सुट्टे नाहीत. अजून तीनशेचं टाकू का?"

"नको दादा, उद्या लागतील."

शेवटी तो गाडी बाजूला लावतो आणि केबिनपाशी जाऊन उभा राहतो. तिथलं मशीन दुसऱ्यांदा कार्ड लावल्यावर चालतं. स्लिप येते, तीवर दोनशे रुपये. तेवढ्या वेळात त्याच्या फोनवर पुढच्या ऑर्डरची घंटा दोनदा वाजून गेलेली असते. इथवरचा त्रास डोळ्यांना दिसणारा. पुढचा त्याला महिनाअखेरीला कळतो, तोही स्टेटमेंट शेवटपर्यंत वाचलं तर.

क्रेडिट कार्डाने इंधन भरलं की बँक त्या रकमेवर साधारण १ टक्का 'फ्युएल सरचार्ज' लावते आणि त्या सरचार्जवर १८ टक्के जीएसटी. काही बँकांच्या दरपत्रकात या सरचार्जला किमान दहा रुपयांची अट असते. तशी अट असली तर दोनशेच्या पेट्रोलवर दोन रुपयांऐवजी दहा रुपये, आणि वर १ रुपया ८० पैसे कर. कार्डांच्या जाहिरातीत मात्र 'सरचार्ज माफ' हे शब्द ठळक असतात. माफी असते, हे खरं. पण बहुतेक कार्डांवर ती ४०० किंवा ५०० रुपयांपासून चार-पाच हजारांपर्यंतच्या व्यवहारालाच लागू होते. मोटारीत तीन हजारांचं पेट्रोल भरणाऱ्याचे ३० रुपये माफ होतात. स्कूटरमध्ये दोनशेचं भरणाऱ्याला एक पैसाही माफ होत नाही.

माफी मिळणाराही पूर्ण सुटतो असं नाही. सरचार्ज परत येतो, पण त्यावरचा जीएसटी बहुतेक बँका परत करत नाहीत. तीन हजारांवर ३० रुपये लागले, ते परत आले. ५ रुपये ४० पैसे गेले ते गेलेच. त्याला ते जाणवत नाहीत. दोनशेवाल्याचं तसं नाही. हौस म्हणून कुणी दोनशेचं पेट्रोल भरत नाही. ज्याची कमाई रोजची, त्याचं पेट्रोलही रोजचं. तो एकदम दोन हजार काढू शकत नाही, म्हणून महिन्यातून वीस वेळा पंपावर येतो. कार्ड वापरत असेल, तर वीस वेळा तो माफीच्या रेषेखाली राहतो. ही रेषा आखताना छोट्या व्यवहारावर यंत्रणेचा खर्च तेवढाच होतो, हा हिशेब बँकांच्या डोळ्यांपुढे असणार. रेषा कुणावर पडते, तेही डोळ्यांपुढे असायला हवं होतं.

हा सरचार्ज इंधनावरच का, याचं कारण पंपाच्या धंद्यात आहे. कपड्यांच्या दुकानात आपण कार्ड स्वाइप केलं की दुकानदार बँकेला टक्केवारी देतो. तिला 'एमडीआर' म्हणतात. दुकानदार ती कापडाच्या किमतीत धरून ठेवतो, म्हणून आपल्याला वेगळी दिसत नाही. पंपमालकाला तशी सोय नाही. दर तेल कंपनीकडून येतो, त्यात त्याला एका पैशाचा फेरफार करता येत नाही. त्याला मिळतं लिटरमागे ठरलेलं कमिशन, पेट्रोलला साधारण चार रुपयांच्या आसपास. ते ऑगस्ट २०१७ नंतर थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये वाढलं. शंभर रुपयांच्या लिटरवर १ टक्का म्हणजे एक रुपया. तो डीलरने सोसायचा तर कमिशनचा चौथा हिस्सा गेला. पेट्रोलचं बाष्पीभवन, वीज, कामगारांचे पगार, रात्रपाळी हे सगळं उरलेल्यात भागवायचं. त्यामुळे कार्डाचं मशीन पुढे आणायला पंपावर कुणाला उत्साह नसतो. मालकांशी बोलताना हे गाऱ्हाणं मी मनापासून ऐकलं आणि मला ते पटलंही. यातून निघालेली तोड मात्र पटत नाही : टक्केवारी ग्राहकावर ढकलायची आणि त्याला ती पंपावर सांगायचीही नाही.

ही टक्केवारी कुणाच्या पानात वाढायची, यावरून एकदा उघड भांडण झालं होतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. जुन्या नोटा जिथे चालत होत्या त्या मोजक्या जागांत पेट्रोल पंप होते. २ डिसेंबरपर्यंत लोकांनी तिथे रांगा लावल्या. मग सरकारने रोकडविरहित व्यवहारांचा धोशा लावला. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपांवर १३ डिसेंबरपासून कार्डाने किंवा फोनवरून पैसे देणाऱ्याला ०.७५ टक्के सूट सुरू झाली. लोक कार्ड घेऊन पंपावर येऊ लागले, आणि महिनाभरातच काही मोठ्या बँकांनी डीलरांना कळवलं की ९ जानेवारी २०१७ पासून कार्डाच्या व्यवहारावर टक्केवारी तुमच्याकडून कापली जाईल. डीलर संघटनेने ८ जानेवारीला जाहीर केलं की मग आम्ही कार्ड घेणारच नाही. त्याच रात्री तो निर्णय १३ तारखेपर्यंत पुढे ढकलला गेला. तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री धर्मेंद्र प्रधान यांनी सांगितलं की हा बोजा ग्राहकावरही पडणार नाही आणि डीलरवरही नाही. बँका आणि तेल कंपन्या आपसात बघून घेतील.

त्यांनी बघून घेतलं. पण १ ऑक्टोबर २०१९ पासून क्रेडिट कार्डावरची ०.७५ टक्क्यांची सूट बंद झाली. २०२० च्या पहिल्या तारखेपासून रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय यांच्यावरचा एमडीआर शून्य झाला, हे चांगलं झालं; आज पंपावरची बहुतेक दुचाकी मंडळी स्कॅन करतात ती त्यामुळेच. क्रेडिट कार्डाचा सरचार्ज मात्र जिथे होता तिथेच आहे. नोटाबंदीच्या दिवसांत ज्याला 'कार्ड वापरा' म्हणून पंपावर बोलावलं, त्याला आज त्याच पंपावर कार्डासाठी जादा पैसे पडतात.

आता खुद्द दराकडे येतो, कारण कुरकुरीचं मोठं मूळ तिथे आहे. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता दर बदलायला लागले. त्याआधी ते पंधरवड्याने बदलत. जागतिक बाजारात भाव वाढला तर लगेच वाढेल, उतरला तर लगेच उतरेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. वाढताना ते तसंच झालं. मुंबईत २९ मे २०२१ ला पेट्रोलने शंभरी ओलांडली. परभणीने ती त्याआधीच ओलांडली होती; मनमाडजवळच्या डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटर टँकर चालवत आणायचा, त्याचं भाडं तिथल्या दरात बसतं. परभणीकर राज्यात बहुतेकांपेक्षा महाग पेट्रोल भरतो, ते डेपोपासून लांब राहतो म्हणून.

६ एप्रिल २०२२ ला मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैसे झालं, आणि तिथे रोजचा बदल थांबला. मे २०२२ मध्ये केंद्राने उत्पादन शुल्क आठ रुपयांनी कमी केलं, जुलैत राज्याने व्हॅट कमी करून पाच रुपये उतरवले, तेव्हा मुंबईचा दर १०६ वर आला. या दोन्ही कपाती कराच्या होत्या. तेल कंपन्यांनी स्वतःहून दर उतरवला तो १५ मार्च २०२४ ला, दोन रुपयांनी, लोकसभा निवडणूक जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी. जुलै २०२४ पासून राज्याने मुंबई, ठाणे, नवी मुंबईतला पेट्रोलवरचा व्हॅट २६ वरून २५ टक्के केला, तेव्हा ६५ पैसे कमी झाले. एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल पिंपाला साठ-पासष्ट डॉलरच्या घरात आलं. २०२२ च्या मध्याला ते एकशे दहाच्या वर होतं. भाव असा उतरला तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क दोन रुपयांनी वाढवलं आणि पंपावरचा दर होता तसाच ठेवला. उतरलेल्या भावातला तो हिस्सा ग्राहकाच्या टाकीपर्यंत आलाच नाही.

२०२५ मध्ये मुंबईत लिटरला एकशे साडेतीन रुपयांच्या आसपास दर होता. त्यात राज्याचे २५ टक्के, त्यावर लिटरमागे आणखी ५ रुपये १२ पैसे, शिवाय केंद्राचं उत्पादन शुल्क. हिशेब मांडला तर पंचेचाळीस रुपयांच्या वर कर जात होता. कर घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही. रस्ते, दवाखाने त्यातूनच व्हायचे. पण रोज बदलणारा दर अशी व्यवस्था सांगायची, ती वाढताना पाळायची आणि उतरताना महिनोन्‌महिने गोठवायची, ही लोकांशी केलेली बेइमानी आहे, आणि लोकांना ती कळते.

कळते म्हणून ते पायांनी मतही देतात. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या माणसाचं गोव्यात काही काम निघालं की तो टाकी तिकडूनच भरून येतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथला माणूस चार पावलं पलीकडे जाऊन स्वस्तात भरतो. हद्दीच्या अलीकडचे पंप त्यामुळे ओस पडतात, आणि तिथे कामाला असलेल्या पोरांचे पगार अडकतात.

दराच्या जोडीला आता मालाचाही प्रश्न आला आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात आज २० टक्के इथेनॉल असतं. ऊस उत्पादकाला आणि साखर कारखान्याला त्याचा आधार मिळतो, आणि महाराष्ट्रात राहून तो नाकारता येत नाही. पण लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. जुन्या गाडीचं अॅव्हरेज घटतं. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा इंधनाचा दर साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, असं सुचवलं होतं. तो कमी झाला नाही. इथेनॉलची खरेदी आता महाग पडते, असं पेट्रोलियम मंत्रालय ऑगस्ट २०२५ मध्ये म्हणालं. असेलही. पण पंपावर त्याशिवाय दुसरं स्वस्त पेट्रोल मागायची सोय ग्राहकाला उरलेली नाही.

अविश्वास एकदा बसला की माणूस आपल्यापुरती तोड काढतो. पंपांवर तासभर थांबलात तर "एकशे दहाचं टाक", "दोनशे दहाचं टाक" असं किती लोक म्हणतात ते ऐकू येईल. शंभर, दोनशे या आकड्यांवर यंत्रात गडबड करून ठेवलेली असते, असा समज. या समजाला २०१७ ने खतपाणी घातलं. त्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात पंपांच्या यंत्रांत बसवलेल्या चिप पकडल्या गेल्या, आणि जून-जुलैत ठाण्याच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रभर अनेक पंपांवर छापे घालून फेरफार केलेले पल्सर, म्हणजे यंत्रातले लिटर मोजणारे भाग, जप्त केले. एकशे दहाच्या युक्तीने अशी चिप हटत नाही. तिच्यावरचा उपाय पंपावरच ठेवलेला असतो : पाच लिटरचं, वैध मापन खात्याचा शिक्का असलेलं माप. ते मागण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतची तूट चालते, त्याहून जास्त नाही. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपरही मागता येतो.

एका पंपावर एका निवृत्त शिक्षकांनी ते माप मागितलं, तेव्हा मी तिथेच होतो. मॅनेजर आधी म्हणाला, कुलूप आहे. मग म्हणाला, गर्दी आहे. गुरुजी गाडीवरून उतरले आणि शांतपणे म्हणाले, "गर्दी सरू द्या, मी थांबतो." माप आलं. पितळी शिक्का त्यांनी चष्मा वर करून वाचला, पाच लिटर त्यात ओतून घेतलं. माप बरोबर भरलं. "धन्यवाद" म्हणून त्यांनी ते पेट्रोल गाडीत घेतलं, आणि रांगेतल्या दोघांनी जवळ येऊन विचारलं, हे असं मागता येतं का.

ही तक्रार आपल्याच मुलखातली आहे, असंही नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना न्यू जर्सीतले दोन दरांचे फलक ओळखीचे आहेत : रोखीचा एक, कार्डाचा दुसरा. रोखीवर हवी तेवढी सूट देण्याची मुभा तिथे १९८१ च्या कायद्याने दिली. गॅलनमागे काही सेंटचा फरक पाहून तिथलाही ग्राहक चिडतो, पण तो फलक रस्त्यावरून वाचता येतो, गाडी वळवायची की नाही ते आधी ठरवता येतं. तिथला खरा छळ वेगळा आहे. पंपावर कार्ड लावलं की किती पेट्रोल भरणार ते ठाऊक नसल्यामुळे एक मोठी रक्कम रोखून धरली जाते. २०२२ पासून तिची मर्यादा १७५ डॉलरपर्यंत गेली आहे. वीस डॉलरचं पेट्रोल भरलं तरी ती रोखलेली रक्कम सुटायला काही तास, कधी एक-दोन दिवस जातात. क्रेडिट कार्डवाल्याला पत्ताही लागत नाही. डेबिट कार्डावर दोनशेच डॉलर शिल्लक असलेल्या माणसाचा त्या दिवशीचा किराणा मात्र अडतो. देश वेगळा, नियम वेगळा, पण घाव तिथेही ज्याच्या खात्यात कमी आहे त्याच्यावरच.

आपल्याकडे यूपीआयने पुष्कळ सोपं केलं, आणि नवे घोळही आणले. पैसे कापले गेले पण पंपाच्या स्पीकरवर आवाजच आला नाही, की ग्राहक आणि नोझलवाला समोरासमोर उभे राहतात. नोझलवाल्याचा हिशेब शिफ्टच्या शेवटी जुळला नाही तर तूट त्याच्या खिशातून जाते, म्हणून तोही हटत नाही. बहुतेक वेळा ग्राहक दुसऱ्यांदा पैसे देऊन सुटका करून घेतो. त्याला ठाऊक असायला हवा असा एक नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी कापलेली रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवी, आणि उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. कार्डाच्या मशीनवर पैसे अडकले तरी हाच नियम. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. पंपाबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर करता येते.

डीलरांचं दुखणंही नवं आहे. सायबर चोरांनी लुबाडलेले पैसे पंपावर खर्च केले की तपासात पंपमालकाचं खातं गोठवलं जातं. पाचशेच्या संशयित व्यवहारापायी लाखोंचं खातं अडकलं तर उद्याच्या टँकरचे पैसे कुठून भरायचे? याच कारणाने मे २०२५ मध्ये विदर्भातल्या पंपचालक संघटनेने १० मेपासून डिजिटल पेमेंट घेणार नाही, असा इशारा दिला. त्यांची मागणी रास्त होती : वादातली रक्कम तेवढीच रोखा, खातं नको. पण त्या बातमीने सगळ्यात आधी धडकी भरली ती खिशात रोकड न बाळगणाऱ्यांना.

तेल कंपन्या, बँका आणि सरकार यांना इथे करता येण्याजोगं काम अवघड नाही. सरचार्ज माफीची खालची मर्यादा काढून टाका. दोनशेच्या पेट्रोलवरचे दोन रुपये माफ केल्याने कुठलीही बँक बुडणार नाही. माफी दिली तर त्यावरचा कर ग्राहकाच्या माथी ठेवू नका. आणि जोवर सरचार्ज आहे, तोवर तो पंपावर लिहा. क्रेडिट कार्डाने भरलं तर लिटर कितीला पडेल, हे दरफलकावर रोखीच्या दराखाली एका ओळीत मावतं. जी यंत्रणा रोज सकाळी सहाला मुंबईपासून परभणीपर्यंतच्या पंपांवर नवा दर पोचवू शकते, तिला ही एक ओळ दाखवायला नवं यंत्र लागत नाही. हुकूम लागतो, आणि तो पेट्रोलियम मंत्रालयाने आणि रिझर्व्ह बँकेने मिळून काढायचा आहे.